मापासाठी उभा केलेला माणूस

आमच्या नोएडाच्या ऑफिसात दर सोमवारी अफगाणिस्तानातल्या एका पुलाचा रिपोर्ट तयार व्हायचा. लढाईत उडवलेला तो पूल आमची कंपनी पुन्हा बांधत होती. साइटवरचे फोटो आणि माहिती कंपनीच्या तिथल्या ऑफिसातून ई-मेलने यायची. मी ती तक्त्यात बसवून कामाला रंग द्यायची: वेळेत असेल तर हिरवा, रखडलं तर पिवळा, पार बोंबललं तर लाल. लाल मी कधी वापरलाच नाही. वरच्यांना तो सोसत नसे.

साइटवरचा इंजिनिअर म्हणजे माझा नवरा. खांब किती उंच झाला ते फोटोत कळावं म्हणून शेजारी एक माणूस उभा करतात, तो हाच असायचा. साहेब मला चिडवायचे, "मॅडम, आपके मिस्टर तो हमारी फूटपट्टी हैं!" बाकीचे खांब बघत, मी त्याचे गाल बघे. वाळलाय का, दाढी का वाढलीये, झोप होते की नाही. फोनवर स्वारी 'सगळं ठीक'च्या पुढे जात नसे.

एका सोमवारी खांबाशेजारी भलताच माणूस उभा होता. शुक्रवारचा नेमाचा फोनही आला नव्हता. मी उठून साहेबांकडे गेले. साहेबांनी फोटो पाहिला. "पिलर बढा है ना? फिर ग्रीन करो. वहाँ लाइन डाउन होगी, टेन्शन मत लो." असा संताप झाला! पण रंग हिरवाच दिला.

संध्याकाळी गाझियाबादला घरी पोचले, तर सासूबाईंनी देव पाण्यात ठेवलेले.

"आई, मी काही बोलले का?"

"बोलली नाहीस, म्हणूनच," त्या म्हणाल्या. त्या आठवड्यात आम्ही दोघी एकमेकींची नजर चुकवत जेवलो.

गुरुवारी फोन आला.

"फोटोत तू का नव्हतास?" मी ओरडलेच.

"मी काढत होतो."

इतका आनंद झाला की पुढचं ऐकूच आलं नाही. त्याने ते पुन्हा सांगितलं. सुरुवातीपासून फोटो काढणारा तिथला सर्व्हेअर साइटवर येताना सुरुंगाच्या स्फोटात गेला होता. तेव्हापासून फोनही बंद होते.

"त्याच्या आईला त्याचा एक फोटो हवाय," नवरा म्हणाला. "इथे कोणाकडेच नाही. तुझ्याकडे सगळे आहेत ना? बघ, एखाद्यात तरी आला असेल."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी एकेक फोटो मोठा करून पाहिला. कडेला शोधलं, मागे शोधलं, नदीच्या पाण्यातसुद्धा शोधलं. सगळीकडे माझा नवराच होता, खांबाला टेकून समोरच्याकडे बघून हसणारा.