स्लॅबवरचं पाणी

शेजारच्या प्लॉटवर परवा स्लॅब टाकला. आज भर दुपारी वॉचमनची बायको डोक्यावर पदर घेऊन त्यावर पाइपने पाणी मारत होती. पाणी साठून राहावं म्हणून कडेने बोटभर उंचीची आळी केलेली. सकाळी भरलेलं पाणी दुपारपर्यंत आटून गेलेलं.

मी गॅलरीत मोबाइल घेऊन उभी होते. आठवडाभर बाजार कोसळत होता. म्हातारपणासाठी दरमहा म्युच्युअल फंडात पैसे घालते, त्यांचे सगळे आकडे लाल झाले होते. "बंद कर तो हप्ता, अजून किती घालवणार?" असं हे सकाळपासून तिसऱ्यांदा म्हणाले होते, आणि माझा अंगठा त्याच बटणाभोवती घुटमळत होता.

"अहो ताई, सकाळीच मारलंत ना पाणी? या उन्हात टिकतंय कुठे?" मी वरूनच विचारलं.

"म्हणून तर पुन्हा मारायचं," ती म्हणाली. "ऊन वाढलं म्हणून पाणी तोडलं, तर तडे जातील की!"

बाजार म्हणजे सिमेंट नव्हे, एवढं मलाही कळतं. तो कधी सावरेल याची हमी कोणी देत नाही. पण हे पैसे मी उद्यासाठी घातलेच नव्हते. पंधरा वर्षांनंतरच्या छपरासाठी घातले होते. मग आठवडाभराच्या उन्हाला काय भ्यायचं? स्लॅबखालचे टेकू इथूनही दिसत होते. घाईने ते काढणाऱ्याच्याच डोक्यावर छप्पर येतं.

मी आत आले.

"केलास बंद?" यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "ऊन वाढलंय."