ब्याण्णव दिवसांचं इंग्रजी

जुलैतला दुसरा रविवार, सकाळचे साडेदहा. लातूरमधल्या एका ट्यूशनचा तिसऱ्या मजल्यावरचा हॉल. पालक एकशे चाळीस, मी मोजले होते. मुलगी माझ्या शेजारी. मी उभा राहिलो, माईक हातात घेतला आणि तोंडातून निघालं, "हॅलो फ्रेंड्स, वेलकम बॅक!"

सगळा हॉल हसला.

चूक माझी. ज्या व्हिडिओंवरून मी इंग्रजी शिकलो, त्यातला मास्तर रोज अशीच सुरुवात करतो. ब्याण्णव दिवस ऐकलेलं जिभेवर बसलं होतं.

मी अर्धापूरला केळीच्या पॅकिंगवर खोकी मोजायला आहे. दुपारच्या सुट्टीत कानात हेडफोन घालून बसायचो. दिवसाला दहा शब्द, दोन फ्रेजल व्हर्ब, वहीत अर्थासकट. टर्न डाऊन म्हणजे नाकारणं. पुट अप विथ म्हणजे निमूट सोसणं. हमाल चिडवायचे, "केळी चालली दुबईला. मामा, तुम्ही कुठं चालले?" मी म्हणायचो, "लातूरला." पालकसभा इंग्रजीत होईल, असं एप्रिलमधल्याच नोटिशीत होतं. आणि मला एकच प्रश्न विचारायचा होता.

मुलीला डॉक्टर व्हायचंय. चाचणीत तिला पाचशे एकेचाळीस गुण. तरी तिला डी बॅचमध्ये, सगळ्यात खालच्या, टाकलं. लावलेल्या निकालात ए बॅचमधल्या चौदा मुलांना तिच्याहून कमी गुण आहेत. असं का?

हसणं ओसरल्यावर मी तो प्रश्न विचारला. इंग्रजीत. अडखळत, पण पूर्ण. संचालक म्हणाले, "व्हिडिओ बघून शिकलात वाटतं? काका, घरातलंच इंग्रजी असं, तर हिला ए बॅच झेपेल का? बसा."

मी बसलो. शेजारची खुर्ची रिकामी होती. मुलगी उठून मागं गेली होती.

जिन्यात ती म्हणाली, "पप्पा, पुढच्या मीटिंगला तुम्ही येऊ नका."

मला वाटलं, माझ्या इंग्रजीनंच पोरीचं नुकसान केलं. दोन मजले उतरेपर्यंत हेच डोक्यात. मग आठवलं. माझ्याआधी एक गाडीवाले बागायतदार उठले होते. चक्क मराठीत बोलले, "सर, एसी लई गार करून राहिले तुम्ही. पोरगं खोकून राहिलं." संचालकही मराठीतच म्हणाले, "भाऊसाहेब, आजच कमी करतो." त्यांचं पोरगं ए बॅचला. त्या चौदांतलं एक.

डी बॅचची यादी खाली भिंतीवर होती. अडतीस नावं. आडनाव वाचलं की गावात घर कुठल्या टोकाला असेल ते कळतं, अशी एकतीस, आमच्यासकट.

अडचण इंग्रजीची नव्हतीच.

मी परत वर गेलो. मराठीत अर्ज लिहिला. चौदा जणांचे गुण खाली मांडले. पोच मागितली. काउंटरवरची बाई म्हणाली, "आम्ही असा शिक्का देत नसतो."

"मग मी उभा आहे."

संचालक बाहेर आले. हळूच म्हणाले, "काका, पोरीचं वर्ष आहे. विचार करा."

मुलगी जिन्याच्या तोंडाशी रडत होती. "पप्पा, चला ना. तुम्ही गावाला जाल. मला इथंच राहायचंय."

खरं होतं ते. मी दहावीला असताना माझे वडीलही माझ्या स्कॉलरशिपसाठी असेच एका ऑफिसच्या दारात उभे होते. तेव्हा लाजेनं मीच त्यांची बाही ओढली होती. ते हात जोडून माघारी फिरले. माझी शाळा तिथंच संपली.

मी तिला म्हणालो, "बाळा, माझी लाज वाटली तर माझ्याजवळ बसू नको. पण मी इथून हलणार न्हाई."

तिनं माझा हात झटकला आणि खाली निघून गेली.

शिक्का दोन तासांनी मिळाला. उत्तर अजून मिळालेलं नाही. पुढच्या सभेला मी पहिल्या रांगेत बसणार आहे. माईक दिला नाही तर ओरडून विचारीन.