तंबोऱ्याला पॉलिश

तीन वर्षं विद्यापीठात संगीत शिकून मी इतवारीत भांड्यांचं दुकान चालवतो. घरी पाहुणे आले की बायको हा विषय हमखास काढते. यांचं गाणं आता गिऱ्हाइकाला पातेलं वाजवून दाखवण्यापुरतं उरलं, म्हणते. मीही हसतो. खरं तर शिकत होतो तेव्हाही ते फार नव्हतं. आम्हाला गाणं शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच महिन्यात ओळखलं आणि तंबोरा हातात देऊन मला स्वतःच्या मागे बसवलं. पदवी मिळेपर्यंत मी तिथून हललो नाही.

अलीकडे विद्यापीठाच्या त्या संगीत विभागाचा कायापालट झाला. माजी विद्यार्थी एकत्र आले. पुण्याचे, बंगलोरचे, दोघं-तिघं परदेशातलेही. ध्वनिमुद्रणाची खोली झाली, सभागृहात एसी लागला, तंबोऱ्याची यंत्रं आली. बटण दाबलं की सूर सुरू. या सगळ्याच्या उद्घाटनाला मेळावा ठरला. परदेशातल्यांनी सूचना पाठवल्या आणि गावातच असल्यामुळे हमाली माझ्याकडे आली.

बाईंना बोलवायला मीच गेलो. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. घशाच्या ऑपरेशननंतर गाणं सुटलं होतं आणि आता महाल भागातलं घर रिकामं करून त्या मुलाकडे कायमच्या निघाल्या होत्या. सामान बांधून तयार होतं. आधी नाहीच म्हणाल्या. मग म्हणाल्या, सत्कार नको, भाषण नको. विभागातल्या मुली गातील तेव्हा माझा तंबोरा घेऊन मागे बसेन. जायच्या आधी एकदा तो वाजवायचा आहे, तेवढंच.

तो तंबोरा विभागातच होता, कपाटावर धूळ खात. उतरवला तर मलाच लाज वाटली. आता धंदाच असा, की जुनी वस्तू चमकवल्याशिवाय मला चैन पडत नाही. आमच्या गल्लीतल्या पॉलिशवाल्याकडे दिला आणि एकही डाग राहता कामा नये म्हणून बजावलं. त्यानं राहू दिला नाही. भोपळ्यात तोंड दिसायला लागलं. तारा ज्या घोडीवरून जातात ती शिंगाची पट्टीसुद्धा त्यानं घासून काचेसारखी सपाट केली. मी खूश होऊन त्याला चहा पाजला.

मेळाव्याच्या दिवशी बाई तासभर आधी आल्या, तंबोरा लावायला. खुंट्या पिळल्या, तार छेडली. टक्क. त्यांनी तारेखाली सूत सरकवलं, थोडं वर घेतलं, थोडं खाली घेतलं. पुन्हा टक्क. घोडीच्या पाठीला जो नजरेला न दिसणारा उतार असतो, त्यावर तार जेमतेम टेकते आणि झंकार उठतो. त्याला जवारी म्हणतात. परीक्षेत हा प्रश्न आला होता आणि मला त्यात चांगले गुणही होते.

बाईंनी घोडीवरून बोट फिरवलं. "कोणी घासली गा ही?"

मी सांगितलं. मग मिरजेला तंबोरे बनवणाऱ्यांकडे पाठवतो, नवी जवारी काढून आणतो, महिनाभरात होईल, असं बोलतच सुटलो. बाईंचं तिकीट मंगळवारचं होतं. त्यांनी माझं बोलणं संपू दिलं आणि म्हणाल्या, "यंत्र लाव."

मी ते त्यांच्या मागे, पडद्याआड ठेवलं. मुली गायल्या. बाई ताठ बसल्या होत्या, डोळे मिटून, तंबोरा खांद्याला लावून. बोटं लयीत चालली होती, पण तारांपासून केसभर दूर. समोरच्या कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या शेजारी बसलेली एक जुनी विद्यार्थिनी डोळे पुसत म्हणाली, बाईंचा हात अजून तसाच आहे. मी मान हलवली. दुसरं काय करणार होतो?

सगळे जेवायला गेल्यावर मी तंबोरा घ्यायला वाकलो आणि माफी मागितली. त्यांनी तो लगेच सोडला नाही.

"तू तीन वर्षं हाच वाजवत होता नं? तुले काही ऐकूच नाही आलं का गा?"

चिडून म्हणाल्या असत्या तर काहीतरी बोललो असतो. त्या खरंच विचारत होत्या, आणि उत्तरासाठी थांबल्याही.

खाली गाडी आल्याचा निरोप आला. मी त्यांच्या चपला शोधायला गेलो.