एकच टेप

साल १९६३. हेमचंद्र लंडनहून मुलांचं बोलणं टेपवर भरून अमरावतीला आईवडिलांकडे पाठवी. ते ऐकून झालं, की गोदावरीबाई आणि चिंतामण मास्तर त्याच टेपवर उत्तर भरत. आधीचं सगळं पुसलं जाई. एवढा शिकलेला मुलगा, पण दुसरी टेप घ्यावी हे काही त्याला सुचलं नाही.

गेल्या खेपेला मास्तरांनी नातवासाठी पावकीचा पाढा म्हटला. टेप रवाना झाली आणि आठवड्याभरात मास्तर गेले.

टेप परत आली. नातू अडखळत पावकी म्हणत होता. गोदावरीबाई ज्वारी निवडत ऐकत होत्या.

"आता ह्यांचा आवाज लाव."

"तो पुसला गेला, काकू," पुतणी कुंदा म्हणाली. तिनं बटणावर बोट ठेवलं. "तुमचं उत्तर भरू. बोला."

"राहू दे. मी बोलले तं हाही जाईल."