मामंजींची हरणं

मामंजींनी घरात तोंड उघडलं की चुलीपाशी आम्ही बायका चिडीचूप व्हायचो, आणि कुरणात उघडलं की हरणं जवळ यायची. माझे हे सासरे जंगलखात्यात नाकेदार होते. एकोणीसशे पन्नासनंतर लग्न होऊन मी कामरगावला आले, तेव्हा गावाबाहेरच्या राखीव कुरणात काळविटांचा एक कळप होता, तो त्यांनीच राखलेला. सासूबाई कपाळाला हात लावून म्हणायच्या, "घरच्याइले शिव्या अन् हरणाइले लाड! पुढच्या जन्मी मी हरीणच होईन बाप्पा."

कायद्याला ते पक्के. सख्ख्या बहिणीची म्हैस कुरणात शिरली, तर यांनी ती हाकत नेऊन कोंडवाड्यात घातली. बहीण तणतणत आली, "काहून रे दादा, मले वळखत नाई का?"

"तुले वळखतो. म्हशीले नाई वळखत," म्हणून मामंजी चिलीम भरू लागले. पुढे कितीतरी दिवस तिने आमच्या घरचं पाणी घेतलं नाही.

दुपारची भाकर मी कुरणात न्यायची. पहिल्याच दिवशी कळप उधळला आणि मला बोलणी बसली. "जनावर मानसाले नाई भेत, सूनबाई. मानसाच्या घाईले भेते." मग मीही सावकाश चालायला शिकले. खाकी कोट घालून ते बाभळीखाली बसत, "या, मीच हाव," म्हणत, आणि मोठा काळवीट त्यांच्यापासून हातभरावर चरे. "माह्या कुरणात त्याइले मानसाचं भेव नाई," असं ते आल्यागेल्याला सांगत. मलाही त्याचा अभिमान होता.

एका दुपारी मी भाकर घेऊन पोचले, तोच सडकेवरून एक जीप कुरणात शिरली. खाकी कपड्यांतले तिघं उतरले, हातात बंदुका. मला वाटलं, आता कळप पळेल. कळपाने नुसत्या माना वर केल्या. काळवीट तर दोन पावलं पुढे आला. पहिला बार झाला. मामंजी हरणांना पळवायला ओरडत लांबून धावत आले, "पया! अरे पया!" तो ओळखीचा आवाज ऐकून उधळलेली हरणं थांबली आणि त्यांच्याकडे वळली. मग बार होतच राहिले.

जाताना एकाने मामंजींच्या खांद्यावर थाप मारली. "नाकेदार, छान माणसाळवलीत हो!" त्याने मनापासून शाबासकी दिली होती, हे आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

काही दिवसांनी मी भाकर घेऊन गेले, तर मामंजी गोफण फिरवत होते. उरलीसुरली हरणं सवयीने जवळ येत होती आणि ते त्यांना दगड मारत होते. एका पाडसाच्या पायाला लागला. मी किंचाळले, "मामंजी, हे काय करून राह्यले तुमी?"

माझ्याकडे न बघता ते हरणांवर ओरडले, "भ्या! आधी मले भ्या!"

हे पुढे रोजच चाललं. घरात कुणी विचारायला धजलं नाही. एका संध्याकाळी ते येऊन ओसरीवर बसले. "सूनबाई, आज मले दुरून पाह्यलं अन् सारे पयाले," म्हणाले. "चांगलं झालं." आणि ज्यांच्यापुढे आम्ही कधी मान वर केली नाही, ते मामंजी माझ्यादेखत हुंदके देऊन रडले.