चादरीची सुरकुती

१२ जानेवारी, रात्रीचे दहा. खुब्याचे हाड मोडल्याने पत्नी अंथरुणाला खिळली आहे. आज सकाळी तिच्या पाठीवर, सतत पडून राहिल्याने उठलेला, लाल चट्टा दिसला. तेथे जखम झाली तर ती लवकर भरणार नाही. तेव्हापासून मी खोलीत येरझारा घालीत होतो.

नात परिचर्येचे शिक्षण घेते. पलंगाशी बसून ती परीक्षेसाठी घोकत होती, "व्यक्ती, आरोग्य, परिसर, परिचर्या." या चार शब्दांवर म्हणे सारे शास्त्र उभे आहे.

मध्येच ती म्हणाली, "आजोबा, फरशी झिजेल हो!"

"मला काळजी वाटते."

पत्नीने डोळे उघडले. "काळजी करून झाली असेल, तर आता थोडी घ्या. मला कुशीवर वळवा."

शब्द तोच, केवळ क्रियापद बदलले. इतक्या येरझारा घालूनही मी जागचा हललो नव्हतो. तिला दुखेल या भीतीने मी हात लावीत नव्हतो; ती भीतीही बहुधा माझीच सोय होती.

वळवताना ती कण्हली. मी हात काढला नाही.

चट्टा जाईल की चिघळेल, ठाऊक नाही. संध्याकाळी तिला पुन्हा वळवले आणि पाठीखालच्या चादरीची सुरकुती ओढून सरळ केली.