गाडी निघाली आहे

या गोष्टीचा पहिला अर्धा भाग मी इतक्यांदा सांगितला आहे, की घरचे आता तो पाठ म्हणून दाखवतात. दुसरा अर्धा मात्र कुणालाच नाही, बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतो आहे? खरंच ठाऊक नाही.

पहिला भाग विनोदी आहे. हिंदी मुलखात, दुर्गला, रुग्णवाहिकेसाठी येणारे फोन जिथे घेतात, त्या खोलीत मी नोकरीला होतो. जिल्ह्याला चार नव्या गाड्या मिळाल्या. त्या समोरच्या मैदानात झेंडूच्या माळा घालून उभ्या – पाहुणे हिरवी झेंडी दाखवेपर्यंत चावी फिरवायची नाही, असा हुकूम. चारच गाड्यांची रांग फोटोत तोकडी दिसेल, ही साहेबांची चिंता. मी म्हणालो, मग जुन्या दोन धुऊन शेवटी उभ्या करा, सर. टोमणा होता तो. साहेबांनी तो मंजूर केला. इथे लोक हसतात. मीही हसतो आणि गोष्ट संपवतो.

पण भिलाईकडे धावणाऱ्या गाड्या त्या दोनच होत्या. हे मला ठाऊक नव्हतं? होतं. टोमणा मागे घेता आला असता. पण साहेबांनी पाठीवर हात ठेवला होता – आणि मला बरं वाटलं होतं.

त्या सकाळी अकराच्या सुमारास भिलाईतल्या रुआबांध्याहून फोन आला. एक बाई, हिंदीत. नवरा स्टील प्लांटमधून रिटायर झालेला, छातीत दुखतंय, घामाने भिजलाय. माझ्या हिंदीवरून तिने मला ओळखलं.

"भाऊ, तुमी मराठी आहा काय?"

हो म्हणालो. तिचा आवाजच बदलला – परक्या ऑफिसात कुणी घरचं भेटावं तसा.

"बाजूवाल्याचा ऑटो दारात उभा आहे. त्याच्यात नेऊ काय यायले?"

उत्तर एका अक्षराचं होतं. पण ते दिलं असतं, तर रजिस्टरात 'गाडी उपलब्ध नाही' लिहावं लागलं असतं. मग कुणीतरी विचारलं असतं – का नाही? कुणी सुचवलं? आमच्या खोलीची रीत अशी, की 'गाडी नाही' म्हणायचंच नाही. 'निघाली आहे' म्हणायचं. माणूस शांत होतो, तक्रार करत नाही, आणि तोवर एखादी गाडी बहुधा मोकळी होते. बहुधा.

"काकू, ऑटोत नका नेऊ," मी म्हणालो. "गाडी निघाली आहे."

"तुमी म्हणता तं थांबतो."

तिने आणखी तीनदा फोन केला. मी दर वेळी गाडी थोडी पुढे नेली. सुपेला ओलांडलं. सिव्हिक सेंटरला वळली. पुढच्या चौकात जरा गर्दी आहे. जन्मभर पुस्तकं वाचून कमावलेली कल्पनाशक्ती – ती अशी कामी आली. शेवटच्या फोनला मागे कुणीतरी त्या माणसाला नावाने हाका मारत होतं. "सायरन तं ऐकू येऊन नाही राहिला, भाऊ," ती म्हणाली. मला मात्र खिडकीतून मैदानावरचा लाउडस्पीकर स्वच्छ ऐकू येत होता. भाषण चाललं होतं, आणीबाणीच्या वेळी एकेका मिनिटाचं मोल काय असतं, यावर.

त्यानंतर फोन आला नाही.

झेंडी हलताच पहिली गाडी मी तिकडेच पाठवली. ड्रायव्हरने माळ काढली नाही – मीच म्हणालो होतो, वेळ घालवू नको. म्हणजे ती बाई सायरन ऐकून बाहेर आली असेल, तेव्हा तिच्या दारात झेंडूच्या फुलांनी सजलेली गाडी उभी असेल. मी रजिस्टरात लिहिलं, 'गाडी पोहोचण्यापूर्वीच रुग्ण मृत'. त्यातला शब्दन् शब्द खरा आहे.

दोन वर्षांनी मोहन नगरात एका लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारी एक बाई जेवत होती. पलीकडच्या बाईला नवऱ्याचं सांगत होती – ऑटो कसा दारातच होता, गाडी कशी उशिरा आली. आवाज मी दुसऱ्याच वाक्याला ओळखला.

"फोनवरचा माणूस मात्र आपला होता," ती म्हणाली. "शेवटवरी धीर देत होता बिचारा."

मग माझ्याकडे वळून तिने पाण्याचा जग सरकवायला सांगितला, मराठीत.

मी तो सरकवला. "लीजिए," म्हणालो.

तेव्हापासून घराबाहेर मी हिंदीच बोलतो.